विश्लेषण : दक्षिण आफ्रिकेतल्या संघर्षाची बातमी भारतात कशी पोहोचली? गोपाळ कृष्ण गोखले यांनी काय केले?

दूरच्या देशात दंगल, संप किंवा युद्ध होते, तेव्हा ते आपल्याला बातमीतूनच कळते. बातमी अपुरी असली की मतही अपुरे बनते. आफ्रिकेतल्या संघर्षांच्या बातम्या जगापर्यंत कशा पोहोचतात, त्यात काय गळते आणि काय फुगवले जाते, याचा अभ्यास आज राज्यशास्त्रात होतो. पुण्यातल्या एका प्राध्यापकाला मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न प्रत्यक्ष राजकारणात सोडवावा लागला होता. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून गोखले यांची ओळख सर्वांना आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा लढा भारतात घरोघरी पोहोचवण्यात त्यांचा वाटा किती मोठा होता आणि त्यामागे पुण्यातल्या प्लेगच्या काळातला कोणता कटू अनुभव होता, हे तुलनेने कमी सांगितले जाते.

गोखले पुण्यात कसे आले?

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात साध्या नोकरीत होते. १८७९ मध्ये वडील गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. गोपाळरावांनी १८८१ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८८४ मध्ये बी. ए. पूर्ण केले.

पुढच्याच वर्षी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. टिळक, आगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य बनले. आजीव सदस्याला महिना ७५ रुपये मिळत आणि त्या बदल्यात वीस वर्षे संस्थेला द्यावी लागत. फर्ग्युसन कॉलेजात गोखले यांनी इंग्रजी आणि गणित शिकवले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांतून वापरले गेले. आकड्यांवरची ही पकड पुढे कायदेमंडळात त्यांच्या कामी आली.

वृत्तपत्रांशी त्यांचा संबंध कधी आला?

पुण्यात आल्यावर काही वर्षांतच गोखले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात आले. रानडे त्यांना सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि शासकीय कागद वाचायला लावत आणि त्यांवर टिपणे लिहून घेत. कच्चा मसुदा पुन्हा लिहायला लागणे हे या शिष्यत्वाचे नेहमीचे काम होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखले यांच्याकडे आले. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' सुरू केले, तेव्हा त्याचा इंग्रजी भाग गोखले लिहीत असत.

म्हणजे वयाच्या पंचविशीच्या आत त्यांनी दोन प्रकारचे लेखन अनुभवले होते. एक, सरकारी कागदांवर आधारलेले शांत आणि सावध लेखन. दुसरे, दर आठवड्याला वाचकासमोर जाणारे, वादात उतरणारे लेखन. १८९५ मध्ये आगरकर गेले. त्याच वर्षी सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली आणि पुढच्या वर्षी रानडे व गोखले यांनी डेक्कन सभा स्थापन केली. पुण्यातले हे दोन गट एकमेकांवर वृत्तपत्रांतून सडकून टीका करत.

दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न पुण्यात कधी आला?

ऑक्टोबर १८९६ मध्ये एक तरुण बॅरिस्टर पुण्यात आला. मोहनदास करमचंद गांधी तेव्हा नाताळमध्ये वकिली करत होते आणि तिथल्या भारतीयांची गाऱ्हाणी सांगण्यासाठी भारतभर फिरत होते. ते टिळकांना भेटले, संस्कृत पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले आणि फर्ग्युसन कॉलेजात गोखले यांनाही भेटले. दोन्ही गटांना चालेल असा अध्यक्ष हवा होता, म्हणून भांडारकरांचे नाव पुढे आले आणि त्यांनी ते मान्य केले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधींनी राजकोटहून एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. मुखपृष्ठाच्या रंगामुळे ती हिरवी पुस्तिका म्हणून ओळखली गेली. पुढे जे घडले ते दूरच्या बातमीचा धोका दाखवणारे ठळक उदाहरण आहे.

पुस्तिकेचा गोषवारा रॉयटर वृत्तसंस्थेने भारतातून लंडनला पाठवला. लंडनहून त्याचाही गोषवारा तारेने नाताळला गेला. समुद्राखालच्या तारेने पाठवलेल्या मजकुराचे पैसे शब्दागणिक मोजावे लागत, त्यामुळे बातमी शक्य तितकी आखूड केली जात असे. नाताळच्या वृत्तपत्रांत पोहोचलेली बातमी जेमतेम तीन ओळींची होती. नाताळमध्ये भारतीयांना लुटले जाते, मारले जाते आणि दादही मिळत नाही, असे गांधींनी म्हटल्याचा तिचा अर्थ होत होता. मूळ पुस्तिकेतला पुरावा, संदर्भ आणि संयमित भाषा या प्रवासात गळून गेली.

परिणाम काय झाला?

डिसेंबर १८९६ मध्ये गांधी कुटुंबासह दर्बानला पोहोचले. मुंबईत प्लेगची साथ असल्याचे कारण देऊन त्यांच्या आणि दुसऱ्या एका जहाजाला २३ दिवस बंदराबाहेर रोखून धरण्यात आले. शहरात गोऱ्यांच्या सभा भरत होत्या. १३ जानेवारी १८९७ रोजी गांधी उतरले, तेव्हा जमावाने त्यांना गाठून मारहाण केली. पोलीस अधीक्षकांच्या पत्नी श्रीमती अलेक्झांडर आपली छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या, म्हणून ते वाचले. त्या गर्दीत मूळ पुस्तिका वाचलेले लोक फारच थोडे असणार. बहुतेकांच्या हाती तारेचा सारांश आणि त्यावरून झालेली भाषणे एवढेच होते.

या रागाला व्यापारी स्पर्धेची आणि वर्णद्वेषाची पार्श्वभूमी आधीपासून होती. तीन ओळींच्या बातमीने तिला पेटायला निमित्त दिले.

१८९७ मध्ये गोखले यांच्यावर माफी मागण्याची वेळ का आली?

त्याच वर्षी बातमीची दुसरी बाजू गोखले यांना सोसावी लागली. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले होते. तिकडे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती घेतली जात होती. देवघरापर्यंत शिरणे, सामान जाळणे, बायकांची उघड्यावर तपासणी करणे यामुळे शहर संतापले होते. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

लंडनमध्ये गोखले यांना पुण्याहून पत्रे येत होती. त्यांच्या आधाराने त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला सैनिकांच्या वर्तनाविषयी माहिती दिली. त्यात दोन स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आणि त्यांपैकी एकीने जीव दिल्याचा आरोप होता. ब्रिटिश संसदेत खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप नाकारला आणि पुरावा मागितला.

जुलैच्या अखेरीस गोखले परतले, तेव्हा परिस्थिती पूर्ण बदललेली होती. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. नातू बंधूंना खटल्याशिवाय स्थानबद्ध केले होते. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे सांगितली असती तर तेही सरकारच्या तावडीत सापडले असते. पुढे येऊन साक्ष द्यायला कोणी तयार नव्हते आणि त्या विशिष्ट आरोपाला कागदोपत्री आधार मिळत नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीला गोखले यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली.

या माफीचा अर्थ काय घ्यायचा?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पुणेकरांचा छळ झाला, ही तक्रार खोटी नव्हती. झडतीच्या काळातला त्रास शहराने प्रत्यक्ष पाहिला होता. गोखले ज्यावर अडकले तो एक विशिष्ट आणि अत्यंत गंभीर आरोप होता. तो त्यांनी स्वतः तपासलेला नव्हता, दुसऱ्यांच्या पत्रांवर विसंबून मांडला होता. सिद्ध न झालेली गोष्ट घडलीच नाही असा अर्थ होत नाही. पण सिद्ध न करता आलेल्या एका आरोपामुळे बाकीच्या खऱ्या तक्रारीही बाजूला ढकलता येतात. सरकारने तेच केले.

गोखले यांना याची मोठी किंमत मोजावी लागली. स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले. वृत्तपत्रांतून टवाळी झाली. काँग्रेसमध्येही काही काळ त्यांना मागे राहावे लागले. त्यांनी स्वतःचा बचाव करत बसण्याऐवजी पुण्यात प्लेगग्रस्तांच्या मदतीचे काम केले आणि १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले.

त्यानंतर त्यांच्या कामाची पद्धत कशी होती?

१९०२ पासून गोखले केंद्रीय कायदेमंडळात होते. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसते, याचा अर्थ लोक सुखी आहेत असा होत नाही, तर त्यांच्याकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. मिठावरच्या करावर ते सातत्याने बोलले. १९०३ मध्ये तो कर कमी झाला.

विरोधकाला नाकारता येणार नाही असा आधार घ्यायचा, ही त्यांची रीत बनली. सरकारशी भांडताना सरकारी अहवाल वापरायचा. आरोप करताना तो किती ताणता येईल यापेक्षा किती टिकेल हे पाहायचे. जहाल गटाला ही भाषा फार मवाळ वाटे. तिच्यामुळे गोखले यांचे म्हणणे व्हाइसरॉयच्या टेबलावर आणि लंडनच्या वृत्तपत्रांत गांभीर्याने घेतले जाई, हेही खरे होते.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची स्थापना केली. अभ्यास करून, प्रत्यक्ष जागी जाऊन सार्वजनिक काम करणारे पूर्णवेळ कार्यकर्ते घडवणे हा तिचा हेतू होता. त्याच वर्षी ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नागपूरचे 'हितवाद' हे इंग्रजी पत्र १९११ मध्ये याच वर्तुळातून निघाले. पुण्याचे जुने 'ज्ञानप्रकाश'ही पुढे सोसायटीच्या मंडळींनी चालवले.

नाताळमधला प्रश्न नेमका काय होता?

नाताळच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८६० पासून १९११ पर्यंत सुमारे दीड लाख भारतीय करारावर तिथे नेले गेले. अ‍ॅग्रीमेंट या शब्दाचे लोकांच्या तोंडी गिरमिट झाले आणि हे मजूर गिरमिटिये ठरले. करार पाच वर्षांचा असे. पहिल्या वर्षी महिन्याला दहा शिलिंग मजुरी आणि शिधा मिळे. परवानगीशिवाय मळा सोडला तर तुरुंग होता.

करार संपल्यावर हे लोक तिथेच राहून शेती किंवा छोटा व्यापार करू लागले, तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांना ते खुपू लागले. १८९५ च्या कायद्याने असा नियम आला की, करार संपल्यावर मजुराने भारतात परत जावे, पुन्हा करार करावा किंवा दरवर्षी तीन पौंड कर भरावा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, म्हणजेच पहिल्या वर्षाच्या दराने सहा महिन्यांची मजुरी. पुढे हा कर मोठ्या मुलामुलींवरही बसला. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले असतील तर वर्षाला बारा पौंड द्यावे लागत.

ट्रान्सवालमध्ये प्रश्न वेगळा होता. तिथे आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी आणि परवाना जवळ बाळगावा, असा कायदा आला. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गमध्ये सभा झाली आणि सत्याग्रहाचा लढा सुरू झाला.

गोखले यांनी भारतात बसून काय केले?

लढ्याची स्वतःची बातमी देणारे पत्र दक्षिण आफ्रिकेत होते. 'इंडियन ओपिनियन' हे साप्ताहिक १९०३ मध्ये दर्बानला सुरू झाले होते. त्याचे एक संपादक हेन्री पोलक १९०९ मध्ये भारतात आले. गोखले यांनी त्यांच्या दौऱ्याला पाठबळ दिले. शहराशहरांत सभा झाल्या, वृत्तपत्रांना माहिती मिळाली आणि निधी उभा राहू लागला. जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतन टाटा यांनी सुरुवातीलाच २५ हजार रुपये दिले.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला. नाताळसाठी गिरमिटिया मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, अशी त्यात मागणी होती. सरकारने तो ठराव स्वीकारला. १ जुलै १९११ पासून नाताळकडे जाणारी मजुरांची वाट बंद झाली. १९१२ मध्ये त्यांनी सगळ्याच वसाहतींसाठी गिरमिट बंद करण्याचा ठराव आणला. तो मात्र फेटाळला गेला. मार्च १९१२ मध्येच सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयकही ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्या वर्षी त्यांच्या पदरी अपयशच अधिक आले होते.

१९१२ चा दौरा महत्त्वाचा का ठरला?

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाऊनला उतरले. मधुमेहाने त्यांची प्रकृती खालावलेली होती. तरीही जवळपास महिनाभर ते किंबर्ले, जोहान्सबर्ग, दर्बान, प्रिटोरिया अशा ठिकाणी फिरले. गांधी सतत सोबत होते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांच्यासाठी रेल्वेचा खास डबा दिला होता. ज्या देशात भारतीयांना पहिल्या वर्गातून उतरवले जाई, तिथे एक भारतीय सरकारी इतमामाने फिरत होता. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनाही ही बातमी द्यावी लागली.

या दौऱ्यातली एक गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. दक्षिण आफ्रिकेत कोकणी मुसलमान आणि काही मराठी हिंदू कुटुंबे होती. गोखले यांचे भाषण मराठीत ऐकायला मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. गांधींनी आग्रह धरला आणि आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू असे सांगितले. त्यांच्या मोडक्या मराठीची गोखले यांना गंमत वाटली, पण ते तयार झाले. त्यानंतर झांझिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांत ते मराठीतच बोलले. गाऱ्हाणी ऐकायला आलेला माणूस लोकांच्या भाषेत बोलला की लोकही मोकळे होतात, याचा हा अनुभव होता.

दर्बानजवळ गोखले यांनी जॉन दुबे यांच्या ओहलांगे येथील शाळेलाही भेट दिली. दुबे हे आफ्रिकी लोकांचे नेते आणि 'इलांगा' या पत्राचे संस्थापक होते. जानेवारी १९१२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते.

प्रिटोरियाच्या भेटीत काय ठरले?

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी गोखले पंतप्रधान बोथा, मंत्री स्मट्स आणि फिशर यांना भेटले. गांधी मुद्दाम या भेटीला गेले नाहीत. त्यांनी प्रश्नाचा पूर्ण इतिहास लिहून दिला होता आणि गोखले यांनी प्रत्येक मुद्दा आदल्या रात्री पाठ केल्यासारखा तयार केला होता. तीन पौंडांचा कर रद्द होईल आणि नोंदणीचा जाचक कायदाही जाईल, अशी समजूत घेऊन ते बाहेर आले.

गांधींना तेवढा विश्वास वाटला नाही. बोलणे तोंडी झाले होते. लेखी काही नव्हते. डिसेंबरमध्ये मुंबईला परतल्यावर गोखले यांच्यावर उलट टीका झाली. नव्या भारतीयांच्या प्रवेशावरचे निर्बंध त्यांनी फार सहज मान्य केले, असा आक्षेप होता. आणि १९१३ मध्ये स्मट्स यांनी असे वचन दिलेच नव्हते, अशी भूमिका दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने घेतली. कागदावर भिस्त ठेवणाऱ्या गोखले यांच्या हाती या एका ठिकाणी कागद नव्हता.

१९१३ मध्ये काय घडले?

मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयाचा निकाल आला. ख्रिस्ती पद्धतीने न झालेल्या आणि नोंद नसलेल्या भारतीय विवाहांना त्याने कायदेशीर मान्यता नाकारली. आता स्त्रियाही सत्याग्रहात उतरल्या. तीन पौंडांच्या कराचा मुद्दा घेऊन न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत संप सुरू झाला. ६ नोव्हेंबरला गांधींच्या नेतृत्वाखाली दोन हजारांहून अधिक माणसे ट्रान्सवालची हद्द ओलांडून चालू लागली. त्यांत १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. गांधींना अटक झाली. संप उसाच्या मळ्यांत पसरला आणि तिथे फटके मारणे, गोळीबार असे प्रकार झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

गोखले यांच्यापुढे १८९७ सारखीच परिस्थिती उभी होती. दूरवरून आलेली भयंकर माहिती, आरोप नाकारणारे सरकार आणि तुरुंगात असलेले साक्षीदार. पण या वेळी तयारी वेगळी होती. त्यांनी तो मुलूख आणि ती माणसे स्वतः पाहिली होती. दक्षिण आफ्रिकेतून त्यांना सविस्तर तारा येत. तीन ओळींच्या सारांशावर भागवायचे नाही, खर्च झाला तरी पूर्ण हकिगत पाठवायची, हे ठरलेले होते. अंथरुणाला खिळलेले असतानाही गोखले त्या तारा वृत्तपत्रांना, पुढाऱ्यांना आणि व्हाइसरॉय यांना पोहोचवत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असताना ते निधीसाठी फिरले.

व्हाइसरॉय यांनी बाजू का घेतली?

२४ नोव्हेंबर १९१३ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रास येथे भाषण करून सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखवली आणि अत्याचारांच्या आरोपांची निःपक्षपाती चौकशी करण्याची मागणी केली. ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागाचा प्रमुख दुसऱ्या भागाच्या सरकारवर जाहीर टीका करतो, हे असाधारण होते. भारतभर पेटलेले लोकमत हे त्यामागचे मोठे कारण होते आणि ते लोकमत बातम्यांनी घडले होते.

दक्षिण आफ्रिकेने सॉलोमन आयोग नेमला. त्यातले दोन सदस्य भारतीयविरोधी म्हणून परिचित होते, म्हणून सुटून आलेल्या गांधींनी आयोगावर बहिष्कार जाहीर केला. गोखले यांना हे पटले नाही. चौकशी मागायची आणि साक्ष द्यायची नाही, हे त्यांच्या पद्धतीत बसणारे नव्हते. तरीही मतभेद बाजूला ठेवून त्यांनी मदत चालू ठेवली. सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन यांना त्यांनी दक्षिण आफ्रिकेला जायला सांगितले. जानेवारी १९१४ च्या आरंभी दोघे दर्बानला पोहोचले. भारत सरकारने मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांना पाठवले. प्रश्न सुटेपर्यंत घटनास्थळी विश्वासू डोळे असावेत, याची ही सोय होती.

लढ्यातून काय मिळाले आणि काय राहिले?

१९१४ च्या मध्यावर इंडियन रिलीफ अ‍ॅक्ट मंजूर झाला. तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि भारतीय विवाहांना मान्यता मिळाली. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्यावरचे, जमीन आणि व्यापारावरचे अनेक निर्बंध कायम राहिले. गिरमिटासाठीची भरती सर्वत्र बंद व्हायला १९१७ उजाडले. तोपर्यंत गोखले हयात नव्हते.

आणखी एक मर्यादा आज ठळक दिसते. १९१३ मध्येच दक्षिण आफ्रिकेने नेटिव्हज लँड अ‍ॅक्ट करून कृष्णवर्णीय जनतेला देशातल्या बहुतांश जमिनीच्या खरेदीपासून वंचित केले. त्या देशातला तो कितीतरी मोठा अन्याय होता. भारतातल्या सभांचा आणि तारांचा भर मात्र भारतीयांच्या हक्कांवरच होता. दुबे यांच्या शाळेला दिलेल्या भेटीनंतरही दोन्ही लढे वेगळेच राहिले. एखाद्या संघर्षाची बातमी आपल्या माणसांपुरतीच पाहायची, ही सवय किती जुनी आहे, हे यातून कळते.

गोखले यांची अखेर कशी झाली?

१९१४ मध्ये देऊ केलेली सर ही पदवी गोखले यांनी नाकारली. गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईत उतरले आणि पुढे पुण्याला आले. सोसायटीच्या आवारातल्या स्वागतसमारंभात गोखले यांना घेरी आली. त्यांनी गांधींना एक वर्ष देश फिरून पाहायला आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत न देण्यास सांगितले. आधी पाहा, मग बोला, हा सल्ला त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेला होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी गोखले यांचे पुण्यात निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी आयुष्यभराचे विरोधक टिळक यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली.

आज त्यांच्या कामाचा धागा कुठे सापडतो?

पुण्यात सोसायटीच्या आवारात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक होते. प्रत्यक्ष पाहणी करून आकडे गोळा करायचे आणि मगच निष्कर्ष काढायचे, ही तिथली परंपरा गोखले यांच्या रीतीशी जुळणारी आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारांच्या अनेक पिढ्या शिकल्या. ती वास्तू गोखले यांच्या गुरूंचे नाव सांगते.

आज परदेशातली चित्रफीत काही सेकंदांत मोबाइलवर येते. शब्दागणिक पैसे लागत नाहीत. तरी तीन ओळींवरून मत बनवण्याची घाई तशीच आहे. माहिती कोणाकडून आली, त्या माणसाने ती पाहिली की ऐकली, नाव उघड झाले तर त्याला धोका आहे का आणि आरोप नाकारला गेला तर हातात काय उरेल, हे चार प्रश्न गोखले यांना १८९७ च्या उन्हाळ्यात पडले. सोळा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या लढ्यात त्यांनी ते आधीच विचारले होते. पुढे पाठवण्यापूर्वी ते विचारायला आजही मिनिटभर पुरते.